तुटलेल्या बाजू

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी मटार सोलत होते. "अगं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलून संपवले... दादा, माझा थोरला भाऊ. महिना होऊन गेला, मला अजून रडू आलेलं नाही.

दादा कोलशेतच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होता. मोडलेले बोल्ट, तडकलेले पाइप त्याच्याकडे यायचे आणि ते का मोडले हे तो शोधायचा. मटेरियल सायन्स म्हणजे काय रे, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "चमचा वाकतो आणि कप फुटतो. का? आतली रचना वेगळी म्हणून. ती कळली की लिफ्टचा दोर कशाचा करायचा, हाडात बसवायचा स्क्रू कशाचा, हे ठरवता येतं. चुकलं तर माणूस जातो गं." कोपरच्या त्याच्या घरीही कुकरची मूठ, बादलीची कडी, सगळं त्याच्या टेबलावर जमा. आई म्हणायची, याला भंगारवाल्याचीच मुलगी बघायला हवी होती.

त्याचा एक दंडक होता. काही मोडलं की आपण सगळे काय करतो, दोन तुकडे एकमेकांना लावून बघतो, बसतात का. दादा ओरडायचा, "लावू नका! घासलं की खुणा जातात. चीर कुठून सुरू झाली ते मग कळत नाही." तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून द्यायचे. एरवी इतका शांत माणूस, पण यावरून मी त्याची भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कशामुळे, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. आदल्या रविवारी तर तो मला आग्रह करकरून श्रीखंड वाढत होता. सगळ्या जगाच्या चिरा शोधत बसला आणि स्वतःचं काही बोलला नाही, याचा मला राग येतो.

गेल्या आठवड्यात कोपरला गेले होते. वहिनीच्या हातून दादाचा चहाचा कप निसटला, कान तुटला. तिने तो उचलून कपाला लावायला नेला आणि मी ओरडलेच, "वहिनी, लावू नकोस!"

ती थांबली. दोन्ही हात तसेच, मधे बोटभर अंतर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता बघणार कोण आहे गं, मेधा?"

मी कालचा पेपर फाडून दोन कागद केले. एकात तिने कप गुंडाळला, एकात मी कान. रडू तेव्हाही आलं नाही... दोन्ही पुड्या त्याच्या टेबलावर भिंगाशेजारी ठेवल्या आहेत, एकमेकींना लागणार नाहीत अशा.