पट्टीमावशी आणि शिंप्याचं काळीज

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत छातीच्या पट्ट्या, म्हणजे ईसीजी, काढायची, म्हणून ती पट्टीमावशी. छातीवर सहा तारा, हातापायांना चार, आणि मशीनमधून बारीक चौकटींचा कागद सरसरत बाहेर. पट्टी वाचून औषध सांगायचं काम डॉक्टरांचं. पण तेवीस वर्षं कागद फाडता फाडता मावशीचा डोळा असा तयार झाला होता, की रेघ कुठे वाकडी चालतेय ते तिला लांबूनच कळायचं. नवरा म्हणायचा, "हिला शेंगा निवडतानाही ठोके दिसतात."

त्या मंगळवारी मात्र तिची चांगलीच फजिती झाली. पेशंटशी गप्पा मारण्याच्या नादात तिनं डाव्या हाताची तार उजव्या हाताला लावली. पट्टी उलटी आली आणि एक धडधाकट बाई उगाच आजारी ठरता ठरता वाचली. तेव्हापासून नवी डॉक्टरीण, वयानं मावशीच्या धाकट्या लेकीएवढी, रोज सकाळी विचारायची, "काय मावशी, डावा हात कोणता, आठवतोय ना?" सगळे हसायचे. मावशीही हसायची, पण ते हसू काही घशाखाली उतरायचं नाही.

शनिवारी दुपारी बाजारातला शिंपी छाती धरून आला. घामानं नुसता निथळत होता. मागून बायको.

"सकाळपासून म्हणतेय, चला, चला. तर हे म्हणतात, एवढी काजं करतो नि निघतो!"

"पाचच राहिली होती गं," शिंपी कण्हत म्हणाला.

मावशीनं भराभर तारा लावून पट्टी काढली. पहिल्याच ओळीत जिथे टेकड्या असायला हव्यात, तिथे खड्डे. डॉक्टरणीनं एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, पुन्हा? बदला तारा लवकर. ह्यांना वेळ नाहीये!"

एकेक तार बोटानं धरून मावशी मनगटापर्यंत गेली. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. तरी मन मानेना, म्हणून तिनं शिंप्यालाच विचारलं, "काका, कात्री कुठल्या हातानं धरता?"

"उजव्या."

"वर करा बरं तो."

हात वर झाला. तार बरोबरच होती.

आता गुमान तारांची अदलाबदल केली असती, तर वरच्या ओळी सरळ झाल्या असत्या आणि बोलणीही टळली असती. पण मावशीची नजर छातीच्या सहा ओळींवर अडकली होती. तिनं कागद डॉक्टरणीपुढे धरला.

"हातांच्या तारा चुकल्या तर छातीच्या ओळी बिघडत नाहीत, डॉक्टर. मंगळवारी नव्हत्या बिघडल्या. इथे बघा, डावीकडे जाता जाता ठोके मोठे व्हायला हवेत. हे तर लहान लहान होत चाललेत."

डॉक्टरीण काही बोलायच्या आत मावशीनं शिंप्याच्या डाव्या बरगड्यांवर तळवा ठेवला. सगळं सामसूम. तळवा उजवीकडे सरकवला, तर खाली धडधड!

"काय शोधताय मावशी?" शिंप्यानं घाबरून विचारलं.

"तुमचं काळीज. सापडलं. देवाच्या घरी उजवीकडे टाचलंय."

बायको डोळे विस्फारून म्हणाली, "अगं बाई! चाळीस वर्षं मी ह्यांच्या डाव्या अंगाला झोपतेय! तरीच काही ऐकू येत नव्हतं!"

डॉक्टरणीनं सोनोग्राफीच्या मशीनची मूठ छातीच्या उजव्या बाजूला टेकवली. पडद्यावर काळीज उड्या मारताना दिसलं. "मावशी, सगळ्या तारा उलट्या लावा. चटकन!" ह्या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता, घाई होती.

तिसरी पट्टी आली. टेकड्या जागेवर होत्या, पण प्रत्येक ठोक्यानंतर खाली उतरायची रेघ वरच टांगलेली. हार्ट अटॅक, आणि तोही मोठा. पाऊण तासात शिंप्याची तुंबलेली नस उघडली.

संध्याकाळी डॉक्टरीण स्वतः चहाचे दोन कप घेऊन आली. "मी नीट बघितलंच नाही, मावशी."

"मंगळवारी मी चुकले, ते तुमच्या डोक्यात बसलं होतं. माझ्यासुद्धा," मावशी म्हणाली. "आपण दोघींनी त्या बिचाऱ्याचा जीव टांगणीला लावला होता." मग तिनं बशीत चहा ओतला आणि फुर्रकन प्यायली.

तिसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात डोकावली, तर शिंप्याची बायको मांडीवर सदऱ्यांचा ढीग घेऊन बसलेली. एकेका सदऱ्याच्या आत, गळ्याखाली, लाल दोऱ्यानं भरत होती: काळीज उजवीकडे.

"अक्षरं फार मोठी होताहेत," शिंपी पलंगावरून कुरकुरला. "सदऱ्याचा घाट बिघडेल."

"बिघडू दे. घाईत वाचायचीत ती," बायको म्हणाली, आणि दातानं दोरा तोडून पुढचा सदरा उचलला.