अकरा वेली आणि एक आयात-परवाना

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी नाना तऱ्हेचा मुद्देमाल जप्त केला. पण ज्याला रोज पाणी घालावं लागलं असा मुद्देमाल एकच. त्यामुळे ती घटना आजही मला जशीच्या तशी आठवते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी तासगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. फिर्यादी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते आणि गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

ऑक्टोबरची फळछाटणी चालू होती. सकाळची हजेरी संपत आली होती, तेवढ्यात सुभेदार ठाण्यात आले आणि काड्या चोरीला गेल्याची तक्रार द्यायची आहे म्हणाले. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. छाटणीच्या काड्या लोक बांधावर ढीग करून पेटवतात. तो म्हणाला, "सुभेदार, उद्या पालापाचोळ्याचीबी तक्रार आणाल तुमी."

सुभेदार शांतपणे म्हणाले, "पलटणीत टोपी हरवली तरी चौकशी बसती, हवालदार. लिवा तुमी."

मी त्यांना आत बोलावलं. त्यांच्या बागेत आठ वर्षांपूर्वी एका वेलीच्या एकाच ओलांड्याला, म्हणजे आडव्या फांदीला, वेगळे घड लागले होते. मणी लांबट, साल पातळ, आणि तोडल्यावर चार दिवस जास्त टिकणारे. त्यांनी त्या फांदीच्या काड्या लावून एकाच्या अकरा वेली केल्या. दर हंगामात मण्यांची लांबी मोजून ते वहीत मांडत होते. वही त्यांनी सोबत आणली होती. मला आकड्यांची आवड, त्यामुळे मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आठ वर्षांत एकही नोंद चुकलेली नव्हती.

आमच्या भागात एक रीत होती. कुणी काडी मागितली तर नाही म्हणायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. पण जातीची खात्री पटल्याशिवाय द्यायचीही नाही. सुभेदारांना अजून दोन हंगाम पाहायचे होते, मग ते सगळ्या गावाला देणार होते. मागच्या फेब्रुवारीत घड लटकत असताना एका परदेशी कंपनीचा एजंट दोन गोऱ्या साहेबांना घेऊन बाग पाहून गेला होता. हीच कंपनी द्राक्षाचे मणी फुगवायची पावडर आपल्याकडे आयात करून विकायची. त्यांनी फोटो काढले, काड्या मागितल्या. सुभेदारांनी सांगितलं, आधी गाव, मग परदेश. आता त्या अकरा वेलींच्या छाटलेल्या काड्या शेडमधल्या ओल्या वाळूतून नाहीशा झाल्या होत्या.

मी कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला. मालाच्या किमतीच्या रकान्यात अडचण आली. बाजारात काडीला भाव नाही, आणि बाजारभावाशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही. मी दोनशे रुपये लिहिले. सुभेदारांनी तो आकडा वाचला, सही केली आणि ते निघून गेले. तो अपमान मला त्यांच्या पाठीवर दिसला.

सहाव्या दिवशी खबर आली ती एका सुतारामुळे. तो कोरेगावचा, सासुरवाडी तासगावची. सणाला आला होता आणि जेवताना त्याने सासऱ्याला सहज विचारलं, द्राक्षाच्या सरपणाला भोकं पाडलेल्या पेट्या कशाला लागतात? कोरेगावात एकाने भाड्याने गाळा घेतला होता आणि छाटलेल्या काड्या भरायला याच्याकडून तशा पेट्या करून घेतल्या होत्या. सासरा आमच्या एका शिपायाचा शेजारी. तासाभरात बातमी माझ्या टेबलावर होती.

कोरेगाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे हद्द दुसऱ्याची. तिथल्या ठाण्यात जाऊन डायरीला नोंद केली, त्यांचे दोन शिपाई घेतले, दोन पंच घेतले आणि गाळा उघडला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, चार पेट्या, प्रत्येकीत दोन जुड्या. एजंट तिथेच होता. नीटनेटका, गोड बोलणारा माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि एका रोपवाटिकेची पावती पुढे केली. पन्नास काड्यांच्या आठ जुड्या, एकूण चारशे.

पंचनाम्यात मी माल मोजूनच लिहितो. आठही जुड्या सोडायला लावल्या. प्रत्येकीत पंचावन्न निघाल्या. एकूण चारशे चाळीस. एजंट हसून म्हणाला, रोपवाटिकेवाल्याने चाळीस वर दिल्या असतील, ओळखीचा आहे.

माझ्यासोबतचा हवालदार द्राक्षबागायतदाराच्या घरचा. त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, रोपवाटिकावाला एक काडी वर देत न्हाई. पन्नासाला पाच मरत्यात म्हणून पंचावन्न बांधायची, ही आपल्या बागेतली पद्धत हाय. घरच्या माणसाला काडी देताना असं बांधत्यात. आन् ह्यो केळीच्या सोपाचा बंद बघा. हे छाटणीवाल्याच्या हातचं काम हाय."

म्हणजे चोरी करतानाही कुणाच्या तरी हाताने रीत पाळली होती.

सुभेदारांची बाग बारा वर्षं एकच टोळी छाटत होती. मी तिच्या मुकादमाला बोलावलं. पन्नाशीचा, सुकलेला, हाताच्या तळव्यांना कात्रीचे घट्टे. तो दोन तास नाही म्हणत राहिला. माझा अनुभव असा की ज्याने आयुष्यभर हातांनी काम केलं आहे त्याला प्रश्न विचारण्यापेक्षा काम द्यावं. मी शेजारच्या बागेतून काड्यांचा भारा आणवला, त्याच्यापुढे टाकला आणि म्हणालो, "मुकादम, पन्नासाची एक जुडी बांधा."

त्याने सवयीने काड्या उचलल्या. बुडखे एका बाजूला, शेंडे एका बाजूला, मोजत, ठोकत, बंद आवळून जुडी पुढे ठेवली. मी हवालदाराला मोजायला सांगितलं. पंचावन्न. मुकादमाने त्या जुडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"म्याच बांधल्या साहेब," तो म्हणाला. "येका वेलीची येक, अशा अकरा."

अकरा, आणि सापडल्या होत्या आठ. उरलेल्या तीन जुड्या चार दिवस आधीच मुंबईहून विमानाने गेल्या होत्या.

का दिल्यास, म्हणून विचारलं. एजंटाने त्याला शब्द दिला होता की कंपनी इथे खंडाने जमीन घेईल, त्यातला एकर त्याला कसायला देईल आणि नव्या जातीची पहिली रोपं त्याचीच. मी म्हणालो, सुभेदारांकडे तू मागितल्या असत्यास तर त्यांनी दिल्या नसत्या का?

"दिल्या असत्या की," तो म्हणाला. "पर मागायला जागा लागती साहेब. लावायची कुठं? बारा वरसं लोकांच्या बागा छाटल्या, माझं येक झाड न्हाई. बिनजमिनीच्यानं काडी मागितली की लोक हसत्यात."

मी जबाब लिहून घेतला.

एजंटाच्या अंगावर चोरीचा माल बाळगल्याचं कलम ४११ लागलं. पण सुभेदारांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. परदेशात ती जात कंपनी आपल्या नावावर करून घेणार, आणि उद्या हीच जात लावायला आमच्या लोकांना त्यांची परवानगी काढावी लागणार. आपल्याकडे तेव्हा पिकाच्या जातीवर शेतकऱ्याचा हक्क सांगणारा कायदाच नव्हता. आणि माझ्या ठाण्याची हद्द संपते ओढ्यापाशी, तिथून पुढे माझं समन्स जात नाही.

सुभेदार रोज पेपर वाचायचे. एक दिवस कात्रण घेऊन आले. मोठे देश आपल्याला दम देत होते की तुम्ही आमच्या औषधांची आणि कॅसेटींची नक्कल करता, थांबला नाहीत तर तुमच्या मालावर निर्बंध घालू. कात्रण माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आपल्या चोरीला त्यांचं सरकार उभं ऱ्हातं. त्यांच्या चोरीला आपलं का न्हाई? पावडर तर आपल्याच परवान्यावर आणत्यात न्हवं?"

मी चार पानी अहवाल लिहिला. तीन जुड्यांचा हिशोब, मुकादमाचा जबाब, वहीतले आठ वर्षांचे आकडे. शेवटी शिफारस केली की कंपनी त्या काड्या परत करत नाही आणि जातीवर हक्क सांगणार नाही असं लिहून देत नाही, तोवर तिचा पावडरीचा आयात-परवाना रोखावा. आमचे वरिष्ठ म्हणाले, "फौजदार, परराष्ट्र खातं तुमच्याकडे कधी आलं?" पण त्यांनी अहवाल वर पाठवला. जिल्हाधिकारी, कृषी खातं, आणि तिथून आणखी वर. मला आशा नव्हती. महिन्याभराने पत्र आलं. परवाना स्थगित.

इकडे मुद्देमाल जिवंत ठेवायचा होता. चारशे चाळीस काड्या ठाण्याच्या मागे ओल्या वाळूत पुरल्या होत्या. कोर्टाने त्या सुभेदारांच्या ताब्यात द्यायचा हुकूम करेपर्यंत अठरा दिवस आमच्या स्टेशन डायरीत सकाळ-संध्याकाळ एक नोंद आहे: 'मुद्देमालास पाणी दिले.' तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्याखाली लाल रेघ मारली होती. ताबा मिळाल्यावर सुभेदारांनी त्या काड्या मातीच्या पिशव्यांत लावल्या.

डिसेंबरात घड पावडरीच्या पाण्यात बुडवायची वेळ आली आणि दुकानांत पावडर नव्हती. दुसऱ्या कंपन्यांची होती, पण थोडी, आणि ती वशिल्याने जाई. माझ्या अहवालाचा पहिला चटका परदेशात बसलाच नाही, तासगावात बसला. बेदाण्याच्या एका शेडात बागायतदारांची बैठक झाली. भांडण होईल म्हणून मीही गेलो. शेजारचा बागायतदार सगळ्यांदेखत म्हणाला, "आवं सुभेदार, तुमच्या अकरा वेलींसाठी आमच्या हजार वेलींनी उपाशी ऱ्हायचं व्हय? उद्या पदक मिळंल तुमाला, आमाला काय?"

दुसरा म्हणाला, "जात त्यांची. त्यांनीच झाकून ठेवली, त्यांनीच घालवली. आमी कवा बघितली बी न्हाई."

त्या सकाळीच सुभेदार मला तक्रार मागे घेता येईल का विचारून गेले होते. फाईल माझ्या हातात राहिलेली नाही, असं मी सांगितलं होतं. आता ते उठले.

"खरं हाय," ते म्हणाले. "म्या झाकून ठेवली. दोन हंगाम थांबणार हुतो, आता थांबत न्हाई. उद्या सकाळी पिशव्या घिऊन जावा सगळ्यांनी. शंभर बागांत दिसली तर कुणाच्या बापाला म्हणता येणार न्हाई, आमी काल शोधली म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मोजणीला बसलो. तीनशे शहाऐंशी रोपं जगली होती. एकशे अठ्ठावीस बागायतदारांना प्रत्येकी तीन. मी प्रत्येकाची सही आणि गट नंबर घेतला आणि त्या यादीची प्रत कृषी खात्याला पाठवली. टोमणा मारणारा शेजारी रांगेत चौथा होता. दोन रोपं उरली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. तीन जुड्या नष्ट केल्या आहेत, या जातीवर कंपनी कुठेही हक्क सांगणार नाही, एजंटाला कामावरून काढलं आहे. खाली सह्या, शिक्के. जुड्या खरंच नष्ट केल्या की नाही हे मी सांगू शकत नाही. मी पंचनामा केलेला नाही. पण हक्क सांगणार नाही हे लेखी होतं आणि ते त्यांनी पाळलं. त्याच आठवड्यात परवाना सुटला.

एजंटाला पुढे शिक्षा झाली. मुकादमाचं वेगळं. मालाची किंमत अडीचशेच्या आत असली तर कोर्टाच्या परवानगीने फिर्यादीला तडजोड करता येत असे. सुभेदारांना खुपलेला तो दोनशेचा आकडा तिथे उपयोगी पडला. त्यांनी अर्ज दिला. कोर्टाबाहेर ते मुकादमाशी एकच वाक्य बोलले: "एप्रिलच्या छाटणीला ये, आन् जाताना ती दोन रोपं घिऊन जा."

दोन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी मुकादमाच्या वस्तीवर गेलो. त्याने दारापुढच्या दहा फुटांच्या अंगणात कळक रोवून मांडव घातला होता आणि त्यावर दोन वेली चढवल्या होत्या. घड थोडेच होते. त्याने एक तोडून माझ्या हातात दिला आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. निर्बंधाचा उपयोग होतो. त्या पत्रावरच्या सह्या माझ्या समन्सने आल्या नसत्या. पण निर्बंध नेम धरून मारता येत नाही. पुढच्या नोकरीत मी कुठलीही बंदी सुचवली तेव्हा अहवालाला एक रकाना जोडत गेलो: 'यामुळे आणखी कुणाचे नुकसान होईल.' छापील नमुन्यात तो नसतो. त्या चार पानांतही नव्हता. असता, तर त्यात पहिली नोंद फिर्यादीचीच करावी लागली असती. त्या वर्षी सुभेदारांची बाग सगळ्यांत आधी छाटलेली होती, आणि पावडर आली तेव्हा त्यांचे घड बुडवायची वेळ टळून गेली होती. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या वहीत त्या हंगामाची मण्यांची घटलेली लांबी वाचली, तेव्हा मला कळलं.