दोनदा टकटक

रोज सकाळी साडेसहाला दीनानाथ गाडी सुरू करायचे आणि तशीच उभी ठेवायचे. धाकटा भाऊ तुळशीराम मागच्या सीटवर बसायचा, दार ओढून घ्यायचा आणि बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायचा. मगच गाडी हलायची. जायचं कुठवर, तर नेऱ्यापर्यंत, फिरायला. सुकापूरच्या सोसायटीतले लोक हसत. हसोत बापडे! दोघांनी एकोणीस वर्षं एकाच एसटीवर काढली होती. दीनानाथ ड्रायव्हर, तुळशीराम कंडक्टर. डबल बेलशिवाय दीनानाथांचा पाय क्लचवरून कधी उठलाच नाही.

गेल्या वर्षापासून मात्र तुळशीराम विसरायला लागला होता. जेवण झाल्यावर जेवायचं कधी म्हणून विचारायचा. बोलणंही आटलं होतं.

"भावजींना एवढ्या लांब नेऊ नका," दीनानाथांची बायको आशालता म्हणाली. पण लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायची ती घरातल्या भावांनी मिळून, असा रिवाज. दोघे गुहागरच्या वाटेला लागले.

माणगावला चहाला थांबले. दीनानाथ आधी येऊन गाडीत बसले. मागच्या काचेवर टकटक झाली, दोनदा. पाय आपसूक उठला. वळून बघायची सवयच नव्हती, आणि मानही आखडलेली. बेल झाली म्हणजे कंडक्टर आत आहे.

"चहा पाणचट होता, नाही?"

मागून उत्तर आलं नाही. हल्ली यायचंच नाही.

लोणेऱ्याच्या पुढे त्यांनी सहज आरशात पाहिलं. सीटवर शाल, शालीवर मोबाइल. तुळशीराम नव्हता.

परत येताना त्यांना एकच विचार खात होता. कुणी नाव विचारलं, तर सांगेल का हा? गाव आठवेल?

हॉटेलपुढे काकड्या विकणारी बाई ओरडलीच. "मीच वाजवली काच! काकडी घेता का, इचारायला. तर तुमी निघूनच गेलात."

"आणि माझा भाऊ?"

"ते गेले स्टँडाकडं चालत. लय तापलेत हां!"

चौकशीच्या खिडकीखाली बाकावर तुळशीराम ताठ बसला होता. पत्रिका छातीशी धरलेली.

"काय ड्रायव्हरसाहेब, बेल नसताना गाडी काढलीत? रिपोर्ट करू?"

दीनानाथ त्याच्या शेजारी मटकन बसले. "तुळश्या, तू इथे कसा आलास रे?"

"गाडी चुकली तर स्टँडवर थांबायचं. किती पॅसेंजरांना सांगितलंय मी!" मग तो हळूच म्हणाला, "दादा, घरी बोलू नकोस. वहिनी पुन्हा तुझ्या हातात गाडी द्यायच्या नाहीत."

दीनानाथ हसायला लागले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला.

दिवस मावळायच्या आत पत्रिका देवापुढे पोचली. एक कोपरा तेवढा घट्ट धरून धरून चुरगळला होता.

परतीला तुळशीराम पुढे बसला, आणि आता रोजच पुढे बसतो. दार ओढतो, अंगठीने काचेवर दोनदा टकटक करतो. दीनानाथ ऐकतात आणि थांबतात. आखडलेली मान कशीबशी वळवून पाहतात. भाऊ हाताच्या अंतरावर असतो, पट्टा लावून, समोर बघत. तरीही ते विचारतात,

"बसलास ना रे?"