सी फॉर्म आणि रुमालाखालचा हात

मुंबई राज्य एक होतं तोवर सुरतेकडे पाठवलेली मिरची राज्यातच विकलेली धरली जाई. राज्यं वेगळी झाली आणि तोच माल, त्याच गाडीने, त्याच गिऱ्हाइकाला गेला तरी परराज्यातली विक्री ठरू लागला. गिऱ्हाइकाने सी फॉर्म, म्हणजे आपल्या नोंदणी क्रमांकाचा खरेदीचा दाखला, दिला तर कर कमी दराने लागे, न दिला तर पूर्ण दराने. विक्रीकराचं काम पाहणाऱ्या वकिलांनी हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोनदा समजावून सांगितलं होतं.

आप्पा म्हणाले, "वीस वरीसनं गिऱ्हाईक शे. त्याले कागद मांगू? त्याना हात मी वळखस."

हे शब्दशः खरं होतं. नंदुरबारला लिलाव सुरू झाले होते, तरी जुन्या गिऱ्हाइकांशी आप्पा आमच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानावर, रुमालाखाली भाव करत. बोटं दाबून आकडा ठरे. कोणी बोलत नसे. हंगामात नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय तिथे उभं राहता येत नाही, त्यामुळे चेहराही दिसत नसे. सुरतेच्या या गिऱ्हाइकाच्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर नव्हतं.

धुळ्याच्या एका साप्ताहिकातली उमेदवारी सोडून मी तेव्हा घरी आलो होतो. गोदामावरच्या माडीवर आम्ही राहत होतो आणि माडीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक माझ्याकडे होतं. पथारीकडच्या जाळ्या बुजवायच्या, उलट बाजूला दोन खिडक्या, पत्र्याखाली फळ्यांचं छत, खाली शहाबादी फरशी. कारण एकच होतं. मिरचीची धूळ पत्र्याच्या फटींतून आत येई आणि माय हंगामाचे चार महिने खोकत असे. त्या वर्षी खोकल्यात रक्त दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले, घर बदला नाहीतर घराची हवा बदला.

मी फळ्यांचा भाव तिसऱ्यांदा खोडून लिहीत होतो तेव्हा माय म्हणाली, "तुन्हा कागदमा मन्हा खोकला कोठे लिखेल शे, भाऊ?"

"छताच्या रकमेत," मी म्हणालो.

"मंग छत खोडू नको."

विक्रीकर खात्याकडून विभाजनानंतरच्या दोन हंगामांची तपासणी निघाली. दोन्हींचे फॉर्म नव्हते. पूर्ण दराने कर भरला असता तर माडीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम सगळी गेली असती. आप्पा आणि मी सकाळच्या गाडीने सुरतेकडे निघालो.

गिऱ्हाइकाच्या पेढीवर त्याचा धाकटा भाऊ बसला होता. आप्पांनी शेठ कुठे आहेत म्हणून विचारलं. तो आधी आप्पांकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला.

"भाई तो गुजरी गया. कागळ नाख्यो हतो ने."

शेठ दुसऱ्या हंगामाच्या आधी, पावसाळ्यात वारले होते. पत्र टाकल्याचं त्याला नक्की आठवत होतं.

पहिल्या हंगामाचा सी फॉर्म शेठने भरून, सही करून ठेवला होता. तो धाकट्या भावाने लगेच काढून दिला. आम्ही कधी मागितलाच नव्हता. दुसऱ्या हंगामाबद्दल विचारल्यावर त्याने मागचं गोदाम उघडलं. आमच्या छापाची पोती छतापर्यंत लागलेली होती. एकाही पोत्याची शिवण उसवलेली नव्हती. थोरल्या भावाने जिवंतपणी सौदा केला असेल असं समजून त्याने पोस्टाने आलेल्या रेल्वेच्या पावतीवर माल सोडवून घेतला होता. पैसे मात्र त्याने दिले नव्हते. बिल येण्याची तो वाट पाहत होता.

त्या दुसऱ्या हंगामाचं बिल आप्पांनी पथारीवर समोरच्याच्या हातात दिलं होतं. पैसे तिथेच, रोख, रुमालाखाली मिळाले होते.

"बोट?" मी विचारलं.

"तेच व्हतं," आप्पा म्हणाले. 

त्या हंगामाचा फॉर्म मिळणं शक्य नव्हतं. शेठचा नोंदणी क्रमांक त्यांच्याबरोबर संपला होता, भावाने नवा घेतला नव्हता.

घरी मायला सांगितलं. 

"त्ये कार्ड मीच फाडं," ती म्हणाली.

कार्ड गुजराती अक्षरांत होतं. तिला वरचा 'अशुभ' एवढाच शब्द ओळखता आला. मरणाचं कार्ड आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, उंबऱ्याबाहेरच फाडतात. वाचून फाडतात. तिने आधी फाडलं, आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

एका हंगामाचा कर पूर्ण दराने भरला. जाळ्या बुजल्या, एक खिडकी झाली. फरशी आणि छत मी अंदाजपत्रकातून खोडलं. छताची रेघ मायने पाहिली.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, मी पथारीवर वजनकाट्यापाशी होतो. वर माडीवरून खोकल्याचा आवाज येत होता. आप्पा पोत्यावर बसले होते. समोर फडकं बांधलेला एक माणूस येऊन बसला आणि त्यांच्या हातावर रुमाल पडला. मला आप्पांची पाठ दिसत होती. ती एकदम ताठ झाली.

त्यांनी मान वर केली नाही. माडीकडे ऐकत असल्यासारखे ते थोडा वेळ थांबले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पहिले सी फॉर्म लई ये, शेठ. मंग भाव करसूत."

मी काट्यावरचं माप उतरवून पुढे गेलो. तोवर समोरची जागा रिकामी झाली होती. हात मला दिसला नाही. खाली अजून कोणाचा हात असल्यासारखा रुमाल मध्ये उचललेला होता, तो हळूहळू खाली बसताना दिसला.