नरसम्माची तारीख

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे, चांगला माणूस म्हणून ओळखत नाही.

सोलापूरच्या कोर्टात मी मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवरचा वकील. गरिबांचा वकील. खरं सांगू? मला त्या माणसांची किळस यायची. तेच ते दहादा विचारणारी, पिशवीतून चुरगळलेले कागद काढणारी, उगाच पाया पडणारी माणसं. आणि मी कोण होतो? त्यांच्या जिवावर सज्जन म्हणवून घेणारा.

नरसम्मा त्यांतलीच. विड्या वळणारी विधवा, घरी तेलुगू बोलणारी. नवऱ्यामागे राहिलेल्या एका खोलीतून दीर तिला हुसकायला निघाला होता. ते थांबवायला आमचा दावा होता. तिच्या पदराला तंबाखूचा वास यायचा. तो माझ्या टेबलाजवळ नको — होय, एवढ्याचसाठी — मी म्हणालो, "तारखेला तुम्ही येऊ नका. मी आहे ना."

त्या तारखेला मी मंगळवेढ्याकडे मित्राच्या शेतात हुरडा खात होतो.

कोणीच हजर नाही म्हणून दावा काढून टाकला गेला. तो पुन्हा उभा करता आला असता. अर्जात फक्त एक ओळ लिहायची होती — चूक वकिलाची. रोज ज्यांच्यासमोर उभा राहतो, त्या न्यायाधीशांपुढे ही ओळ ठेवायची? एका विडीवालीसाठी? मी तिला सांगितलं, कोर्टानं सगळं ऐकलं, निकाल तुमच्या विरुद्ध गेला.

"आता काईच करता येत न्हाई का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. त्या अर्जाच्या मुदतीचे बारा दिवस शिल्लक होते.

दिरानं खोलीला कुलूप घातलं. नरसम्मा बहिणीच्या पत्र्याच्या पडवीत राहायला गेली. वर्षभरानं ती पुन्हा माझ्याकडे आली — भांडायला? छे. शेजारणीला घेऊन. तिलाही सासरचे घराबाहेर काढत होते.

"भिऊ नको," नरसम्मा तिला म्हणाली. "ह्ये साहेब खोटं बोलत न्हाईत. हरलं तर हरलं म्हनून तोंडावर सांगत्यात की."

मी मान डोलावली. शेजारणीचे कागद घेतले. एकही तारीख चुकवली नाही, आणि तिचं घर वाचलं. पेढे द्यायला दोघी आल्या. नरसम्मानं स्वतःच्या हातानं पुडा पुढे धरला.

मी दोन पेढे खाल्ले.