डग्ग्याचा लाल दिवा

माझा तबलजी अरविंद का गेला, हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरची ध्वनिमुद्रणं सुधारावीत म्हणून मी मल्टिबँड कॉम्प्रेसर आणला. खर्ज, मध्य, तार असे आवाजाचे पट्टे वेगवेगळे दाबणारी ती पेटी. तेव्हापासून अरविंदचा डग्गा मिळमिळीत ऐकू येऊ लागला. माझ्या गाण्यावर जळून तो हात चोरतोय, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तबला उचलून तो गेला.

आज जुनं मूळ मुद्रण पेटीतून सोडलं. डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याला, खर्ज दाबला जातोय हे दाखवणारा लाल दिवा पेटत होता. दाबत होतो मीच. संशय माणसावर घेतला, पेटीवर कधीच नाही.

फोन लावला.

"बोला गवई, आता काय चोरलं मी?"

माफी ओठांवर आली होती. "तब्येत कशी आहे?" एवढंच विचारलं.