कसंवाल्या बाई

उत्तर चुकलं तर बाई रागवत नसत. पाटीत डोकावत, मान हलवत आणि म्हणत, "बरं, बैस." उत्तर बरोबर आलं की मात्र पोराची खैर नसायची. चष्मा कपाळावर चढवून, अंगणवाडीतून आणलेली बुटकी खुर्ची ओढून त्या अगदी समोर बसायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "कसं?" दुसऱ्या शाळांत पोरं चुकायला घाबरत असतील. भडगाव तालुक्यातल्या, गिरणेकाठच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोरं बरोबर उत्तराला घाबरायची.

गावाने त्यांचं नाव ‘कसंवाल्या बाई’ पाडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. जळगावला पिंप्राळ्यात त्यांचं घर. सकाळी रिक्षा, मग एसटी, मग भडगावहून काळी-पिवळी जीप, असं करत त्या यायच्या. शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. मोठे सर कागदपत्रं, खिचडीचं धान्य आणि मिटिंगा सांभाळायचे. म्हणजे चारही वर्ग बाईच सांभाळायच्या.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, ज्यासनं चुकनं त्यासले काबर नही इचारतस तुम्ही?" फळ्यावर त्रेचाळीस वजा सतरा होतं आणि अर्ध्या वर्गाच्या पाटीवर चौतीस आलं होतं. बाई हसल्या. म्हणाल्या, "हा चौतीस बघ. तीनातून सात जात नाहीत, म्हणून या शहाण्यांनी सातातून तीन घालवले. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलंय. चुकलेल्याचं ‘कसं’ मला दिसतं गं. चूक आपला पत्ता सांगते. बरोबर उत्तर कुठून आलं ते सांगत नाही. डोक्यातून आलं की शेजारच्या पाटीवरून, ते विचारल्याशिवाय मला कळणार कसं?"

गुणांकडे बघायची त्यांची रीतच वेगळी होती. मोठे सर गुण वाचून पोरांच्या रांगा लावायचे: हुशार, मध्यम, कच्ची. बाई गुण वाचून पोराच्या घरी जायच्या. दिवाळीनंतरच्या चाचणीत माझे गुण एकदम घसरले तेव्हा संध्याकाळची जीप सोडून त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. ती बिचारी घाबरली. पदर सावरत म्हणाली, "बाई, पोर कापूस येचाले येस मनासंगे. मी तरी काय करू?" बाई ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. हिच्या पेपरात वेचणीच दिसली. भागाकार शिकवला त्या आठवड्यातली सगळी गणितं कोरी आहेत, बाकीची नीट आहेत. अक्का, दुपारच्या सुट्टीपर्यंत पाठवा, मग न्या शेतात." त्या निघाल्यावर आई कितीतरी वेळ माझा पेपर उलटसुलट करून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. त्यात कापूस कुठे दिसला ते तिला शोधायचं होतं.

"पेपर पोराचा नसतो, घराचा असतो," असं त्या म्हणायच्या. आणि थोडं थांबून, "आणि थोडा माझा."

मी तिसरीत होते त्या वर्षी तालुक्याहून गणिताची चाचणी आली. गुण वर कळवायचे आणि शाळांची क्रमवार यादी लागणार, असं ठरलं. अशा चाचणीच्या आमच्या भागात दोन रीती होत्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या आणि कोणी न बोलायच्या. कच्च्या पोरांना आदल्या दिवशी सांगायचं, उद्या शाळेत नको येऊ, शेळ्या घेऊन जा. आणि जी आली त्यांच्यासाठी उत्तरं लिहायला फळा होताच. बाईंनी उलटं केलं. आदल्या संध्याकाळी त्या गल्लोगल्ली फिरल्या आणि कच्च्या पोरांच्या घरी सांगून आल्या, उद्या याला पाठवाच. माझ्या शेजारी बसणारी सुमन शाळेपेक्षा धाकट्या भावाच्या पाळण्याशीच जास्त असायची. बाईंनी तिला भावासकट बोलावलं. चाचणीभर तो बाईंच्या मांडीवर होता.

यादी लागली. केंद्रातल्या सगळ्या शाळांत आमची शाळा शेवटची.

केंद्रप्रमुख आले ते मोटारसायकल बंद न करताच बोलायला लागले. "मॅडम, शेजारच्या शाळेला शंभर टक्के आणि तुम्हाला हे? शिकवता का नाही?" बाई म्हणाल्या, "साहेब, शेजारच्या एखाद्या पोराला विचारा, कसं केलं." साहेबांनी मोटारसायकल वळवली.

पण गावाला असं वळवता येत नव्हतं. शाळेच्या पारावर बैठक बसली. सरपंच नाना तसे बाईंना मानणारे, पण त्या दिवशी तेही पेटले होते. "बाई, तुम्ही आम्हना गावनं नाक कापी टाकं. शेजारना गावना पोऱ्या काय आभायमाईन पडनात का?"

"नाही नाना. आभाळातून त्यांचे गुण पडलेत."

कोणी हसलं नाही. त्याच महिन्यात भडगावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली. ज्यांना परवडत होतं त्यांची पोरं बूट घालून त्या गाडीत बसली. आमचा वर्ग बाकाबाकाने रिकामा होत गेला. मागे उरलो ते बहुतेक मजुरांचे, सालदारांचे, आम्ही. एक गोष्ट मात्र बरी झाली. शेवटून पहिल्या आलेल्या शाळांसाठी तालुक्याने एक जादा शिक्षिका दिली. ती तरुण पोरगी आठवड्यातून तीन दिवस यायची आणि फक्त चौतीसवाल्यांना घेऊन बसायची. सुमन तिच्याकडेच हातचा घ्यायला शिकली. त्या दिवशी ती बरोबर उत्तर घेऊन आपणहून बाईंच्या खुर्चीसमोर गेली आणि ‘कसं’ विचारायची वाट बघत उभी राहिली.

मी चौथीत गेले आणि पुन्हा चाचणी आली. आदल्या दिवशी नाना शाळेत आले. मी पाण्याचा हंडा भरत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. या खेपेला ते पेटलेले नव्हते, हळू बोलत होते. ते जास्त वाईट होतं. "बाई, मना नातू आजूनबी तुम्हनाकडे शे. मी त्याले गाडीमा बसाडं नही. पन या साले बी खालतून पहिला उनूत ते मनं काही चालाव नही. तो गया का बठ्ठी गल्ली जाई. मंग शाळाले कुलूप लागी. या मजूरसना पोऱ्या कथा जातीन? त्यासले कोनती गाडी नेई?"

नाना चूक बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. खरे गुण कळवले तर शाळा जाणार. खोटे कळवले तर शाळा राहणार, पण त्यात शिकवायचं काय? बाई खिडकीचे गज धरून बाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वाळत घातलेली खिचडीची पातेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटून झाले आणि बाईंनी खडू उचलला. त्यांचं अक्षर गोल, टपोरं. त्या दिवशीही तसंच होतं. एकाखाली एक त्यांनी सगळी उत्तरं लिहिली आणि आमच्याकडे न वळता म्हणाल्या, "उतरवा." शेवटचं पोर पेन ठेवेपर्यंत त्या फळ्याकडे तोंड करूनच उभ्या होत्या. मग त्यांनी फळा पुसला आणि कोरडा झाला तरी पुसतच राहिल्या. वर्गात एवढी बरोबर उत्तरं होती आणि ‘कसं’ कोणालाच विचारलं गेलं नाही.

आमची शाळा केंद्रात पहिली आली. नानांच्या हातून बाईंना शाल-नारळ झाला, मोठ्या सरांनी भाषण केलं. मला पैकीच्या पैकी गुण होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रमाणपत्राला चौकट करून घेतली आणि गल्लीभर सांगत सुटले, "मनी पोर पहिली उनी!" आमच्या घराच्या भिंतीवर कागद लागण्याची ती पहिलीच वेळ.

आणि पुढच्याच आठवड्यात जादा शिक्षिका यायची बंद झाली. पहिल्या आलेल्या शाळेला ती कशाला हवी? गाडीत बसलेली पोरं काही परत आली नाहीत, आणि चौतीसवाल्यांना घेऊन बसणारं कोणी राहिलं नाही. वर्गात बाई पुन्हा एकट्या, चार वर्गांच्या मधोमध.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि एका सकाळी बाई आमच्या ओट्यावर आल्या. शाळा बंद, ऊन रणरणतं, आणि या पिंप्राळ्याहून आलेल्या. आबांनी कौतुकाने चौकट दाखवली. बाईंनी ती पाहिली, मान हलवली आणि मला म्हणाल्या, "पाटी घे." त्यांनी चाचणीतलंच एक गणित घातलं. उत्तर मला पाठ होतं. मी लिहिलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"बठ्ठं बरोबर शे. आते सांग. कसं?"

माझ्या तोंडून सरळ निघालं, "बाई, तुम्हीच ते फळावर लिखं व्हतं."

आबा खाली बघायला लागले. बाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता या उठून जातील. त्यांनी पाटी घेतली, पदराने पुसली, आकडे बदलले आणि परत माझ्या हातात दिली. मला येईना. "बरं, बैस," त्या म्हणाल्या. तेवढे दोन शब्द ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही. सुटीभर त्या येत राहिल्या. माझ्याकडे, मग सुमनकडे, मग पुढच्या गल्लीत. प्रत्येक ओट्यावर तोच पेपर, बदललेल्या आकड्यांचा. त्यातले खरे गुण त्यांनी कुठेही लिहिले नाहीत, कोणाला सांगितले नाहीत. जाताना एवढंच म्हणायच्या, "हे तुझे गुण. भिंतीवरचे माझे."

तेव्हापासून त्या रिटायर होईपर्यंत दर वर्षी दोन चाचण्या झाल्या. एक फळ्यावरची, एक ओट्यावरची. लोकांना ती बाईंची हौस वाटे. पुढे हायस्कूलला असताना सुट्टीत मी त्यांच्यामागे पाट्या घेऊन फिरायचे, म्हणून सांगते, हौस नव्हती ती. फळ्यासमोरच्या त्या सकाळीतून बाई बाहेर येऊच शकल्या नव्हत्या.

मी बी.एस्सी. झाले, गणित घेऊन. मग बी.एड. हे मी मान वर करून सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. आता धुळ्याला एका खाजगी शाळेत चौथीला शिकवते. नोकरी अजून कायम नाही. परवा मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, सोमवारी गणिताची चाचणी आहे. आपल्या वर्गाचा निकाल चांगलाच लागला पाहिजे. फळा मोठा आहे, तुमचं अक्षरही छान आहे." मग पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुमच्या कायमच्या ऑर्डरचं पण जूनमध्ये बघायचंय ना."

रविवारी मी पिंप्राळ्याला गेले. बाई आता थकल्या आहेत. एका हाताला कंप आहे, कप बशीत वाजतो. मुलगा-सून खालच्या मजल्यावर दुकान चालवतात, बाई वरच्या गॅलरीत बसून समोरून जाणाऱ्या स्कूटर बघतात. गेल्या गेल्या मी गावची बातमी सांगितली. पट कमी म्हणून आपली शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली, दाराला कुलूप आहे. सुमनची पोरगी आता चालत तिकडे जाते.

"पहिली आली होती ना गं आपली शाळा?" बाई म्हणाल्या.

मी माझं सांगितलं. सोमवार, फळा, ऑर्डर. आबांनी माझ्या कायम नेमणुकीचे पेढे आधीच वाटलेत, हेही सांगितलं. "बाई, काय करू?"

"मला नको विचारू. मी दोन्ही करून पाहिलं. खरे गुण दिले तर पोरं गेली. खोटे दिले तर ती जादाची बाई गेली." मग त्यांनीच उलट विचारलं, "तुझ्या वर्गात चौतीसवाली किती आहेत?"

"आहेत. अर्धा वर्ग आहे."

"त्यांना ठाऊक आहे, तू फळ्यावर लिहिणार आहेस?"

"नाही बाई." आणि माझ्याही नकळत मी पुढे बोलून गेले, "मी नाही लिहिणार."

बाईंनी कप खाली ठेवला. कापरा हात सावकाश वर गेला आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. खुर्ची ओढायची ताकद नव्हती, म्हणून नुसत्याच पुढे झुकल्या.

"कसं?"

मुख्याध्यापकांना काय सांगशील, जूनमध्ये काय करशील, आबांना कोणत्या तोंडाने सांगशील, अर्ध्या वर्गाचे चौतीस वर कळवल्यावर त्या पोरांचं काय होईल, हे सगळं त्या एका शब्दात होतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, माझी धुळ्याची एसटी निघायला आली होती. मी वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ‘बरं, बैस’ काही म्हणाल्या नाहीत.

एसटी जळगाव सोडून बाहेर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. बाई चुकलेल्याला कधी ‘कसं’ विचारत नसत.